‘नाही’चा रकाना

६ जानेवारी

सूनबाईचं वजन ४७ किलो ३००. ताप संध्याकाळी निन्याण्णव. खोकला आहे. गोळ्या सकाळी माझ्यासमोर घेतल्या. दिवस पहिला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, रोज एवढं लिहून ठेवा." एवढं लिहून झालं तर चारच ओळी भरल्या आणि बाकीचं पान तसंच राहिलं. मला कोरी जागा बघवत नाही. ही सवय ह्यांची. हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मालकाचे शब्द थोडे आणि पाटी मोठी असली, तर उरलेल्या जागेत वेल काढायचे, नाहीतर दाराकडे दाखवणारं एक बोट. म्हणायचे, "पाटीवर कोरी जागा राहिली की दुकान बुडालंय असं वाटतं." मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मला अक्षरं आली ती त्यांच्या ओल्या पाट्यांवरून. पहिला शब्द ‘चपला’, दुसरा ‘दुरुस्ती’. मग पुड्यांचे कागद, औषधांच्या खोक्यातल्या घडीच्या चिठ्ठ्या, रद्दीतल्या शेवटचं पान नसलेल्या कादंबऱ्या, जे हाताला लागेल ते वाचत गेले.

तर उरलेलं पान मी माझ्यासाठी भरणार. डॉक्टरीणबाईंना वजन-ताप वेगळ्या कागदावर उतरवून देईन.

मी क्षयरोगाच्या केंद्रात झाडलोट करते, सहा वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी कारकून निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीवर कोणी आलं नाही, आणि अक्षर बरं म्हणून रुग्णांचं रजिस्टर माझ्याकडे आलं. झाडू सुटला नाही. दोन वर्षांपूर्वी हे याच रोगानं गेले. आता सून. रोगानं आमचं घर बरोबर लक्षात ठेवलंय.

९ जानेवारी

वजन तेवढंच.

सकाळी मोरीतून हाक आली, "आई, लवकर या, रक्त जातंय!" धावत गेले. रक्त नव्हतं, गोळीचा रंग होता. लघवी संत्र्याच्या सालीसारखी होते. हे मी केंद्रात शेकडो जणांना सांगितलंय आणि घरच्या माणसाला सांगायला विसरले.

"आधी सांगायचं ना," ती म्हणाली.

"तू मला कधी काही विचारतेस?"

"विचारलं की म्हणता, माहेरी शिकवलं नाही का."

मला हसू आलं, तिलाही आलं. मग तिला खोकल्याची उबळ आली आणि हसणं तिथंच संपलं.

तिचं माहेर डोंगरापलीकडचं. त्या भागाचं नाव निघालं की केंद्रात बसलेली माणसं तोंडावर रुमाल घेतात. तिकडचा टीबी औषधाला दाद देत नाही, असं सगळे म्हणतात. गेल्या वर्षी ती आईच्या आजारपणात बारा दिवस तिकडे राहून आली. तिथूनच आणलं असणार. मी तसं बोलले नाही. पण मी बोलत नाही हे तिला कळलं.

१६ जानेवारी, गुरुवार

ताप शंभर.

गुरुवार म्हणजे गाडीचा दिवस. ज्याच्या बेडक्यात आमच्या काचेखाली जंतू दिसतात, त्याची दुसरी डबी शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जाते. तिथलं मशीन दोन तासांत सांगतं की हे जंतू औषधाला दाद देणारे आहेत की नाहीत. जाते असं आपलं म्हणायचं. आज गाडी आलीच नाही. आलीच तर वाटेत डबी सांडते, बर्फ वितळतो, नाहीतर तिकडे कार्ट्रिज संपलेलं असतं. कार्ट्रिज म्हणजे मशीनमध्ये घालायची प्लास्टिकची नळी. एका डबीला एक लागते आणि ती मोजून मिळते. सूनबाईची डबी मी दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवली होती. उन्हं तापली तशी टाकून दिली.

मग रजिस्टर पूर्ण केलं. शेवटून दुसरा रकाना ‘औषध-प्रतिकार’, शेवटचा ‘शेरा’. शहरातून कागद आला तर त्यात असेल ते लिहायचं. कागद आला नाही तर मी ‘नाही’ लिहिते. कारकुनांनी जाताना एकच गोष्ट बजावली होती, "बाई, रकाना कोरा राहिला की वरून फोन येतो." चार वर्षांत एकदाही फोन आलेला नाही.

सूनबाईच्या ओळीत ‘नाही’ लिहिताना हात जरा थांबला. कारण काही नाही, नाव घरचं होतं म्हणून.

२४ जानेवारी

मोठे साहेब आले. काखेत नकाशाची गुंडाळी. भिंतीला लावायला चौघं धावले, खिळा मीच शोधून दिला.

नकाशात जिथं दाद न देणारा टीबी जास्त, तिथं रंग गडद. डोंगरापलीकडचा भाग वाळलेल्या रक्तासारखा. आमचा सायीच्या रंगाचा. साहेब पट्टीनं दाखवत होते. "पलीकडे शंभरात अकरा. तुमच्याकडे चार वर्षांत चारशे बारा रुग्ण आणि प्रतिकार फक्त सहा. शंभरात दीड! याला म्हणतात काम."

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "साहेब, काही रुग्ण दोन महिने गोळ्या घेऊनही सुधारत नाहीत. कार्ट्रिज थोडी जास्त मिळाली तर..."

"गोळ्या घेत नसतील. विचारा दरडावून. कार्ट्रिज आता तिकडे जाणार. आग लागलीय तिथं पाणी न्यायचं की तुमच्या ओल्या अंगणात ओतायचं?"

सगळे हसले. मीही हसले, बाकीचे हसत होते म्हणून.

मग त्यांनी रजिस्टर मागवलं. पानं उलटली. "हे कुणाचं अक्षर? एकही रकाना कोरा नाही!" डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी झाडू मागे लपवला. साहेबांनी केंद्राला प्रशस्तिपत्र दिलं. चौकट घालून नकाशाशेजारी लावलंय. हे असते तर म्हणाले असते, बघ, पाटीनं नाव काढलं.

घरी येऊन सुनेला म्हटलं, "तुझ्या माहेरचा रंग लाल आहे. पण तू आता इथली आहेस, इथला रंग फिका. बरी होशील."

ती म्हणाली, "हे माझ्या छातीला समजावा."

११ फेब्रुवारी

वजन ४६ किलो १००.

मुलाचा फोन. तो लांब, समुद्रावर, मालाच्या बोटीवर असतो. महिन्यातून दोनदा आवाज येतो आणि तो अर्धा वाऱ्याचा असतो. सून फोनवर छान बोलते. फोन ठेवला की भिंतीला टेकून बसते.

नात चार वर्षांची. आम्ही तिला चिमणी म्हणतो. ती माझ्याजवळ झोपते आता. तिला सांगितलंय, आईच्या तोंडाजवळ जायचं नाही. आज विचारत होती, "आईला कुणी शिक्षा केली?"

८ मार्च

वजन ४४ किलो ८००. दोन महिने पूर्ण.

आज तिचा बेडका आमच्या काचेखाली पुन्हा पाहिला. जंतू आहेत. पहिल्या दिवशी होते तेवढेच, वर थोडे जास्तच. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला.

"गोळ्या घेते ना?"

"माझ्यासमोर घेते."

"मावशी, माणसं जिभेखाली धरतात. तुम्ही पाठ वळवली की थुंकतात. तुम्हाला मी काय सांगायचं."

मला काय सांगायचं ते मला चांगलं माहीत होतं.

१० मार्च

काल मी चोरी केली. सून चिमणीची वेणी घालत होती तेव्हा तिच्या खोलीत शिरले. उशीच्या खोळीत हात घातला, गादी उचलली, खिडकीतल्या कुंडीची माती उकरली. कुठंच गोळी मिळाली नाही. वळले तर ती दारात.

"काय हरवलं, आई?"

"काही नाही. कात्री."

"कात्री तुमच्या हातात आहे."

खरंच होती. माती उकरायला मीच घेतली होती. ती चिमणीकडे परत गेली. संध्याकाळी गोळ्यांची वेळ नसताना माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि आ करून जीभ वर केली. लहान मुलं दाखवतात तशी.

ह्यांच्या वेळी मी हेच केलं होतं. त्यांचे रंगाचे डबे पालथे घातले होते. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, हा माणूस गोळ्या टाकतो, नाहीतर सुधारला असता. मी ते खरं धरलं. ह्यांना म्हटलं, "घरादाराचा विचार करा, का फेकता?" ते म्हणाले, "मी गिळतो गं. माझे जंतू दर्दी आहेत, साध्या गोळीला दाद देत नाहीत." मला तेव्हा तो फाजीलपणा वाटला. पुढचे आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही, आणि त्यांच्याकडे तरी कुठं फार दिवस होते. गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तसा शेरा मीच लिहिला, ‘उपचार अनियमित. मृत्यू.’ अक्षर चांगलं आलं होतं.

१९ मार्च

वजन ४३ किलो ९००. रात्रीचा घाम, अंगातले कपडे पिळून निघतात.

डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर शहरात फोन लावला. एका डबीपुरतं कार्ट्रिज द्या म्हणाल्या. समोरून उत्तर आलं ते मलाही ऐकू आलं. "तुमच्या भागाला या तिमाहीत नाही. तुम्ही फिके आहात."

फोन ठेवून त्या नकाशाकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "मी स्वतः जाऊन येते. माणूस समोर उभं राहिलं की नाही म्हणायला जड जातं."

"मावशी, ते तरीही नाही म्हणतील."

"म्हणू देत. बसनं तीन तास. मला कुठं काय वाहायचंय, एक डबी."

२१ मार्च

शहरात जाऊन आले. आज वजन घेतलं नाही. काही लिहवत नाही.

२३ मार्च

आता लिहिते.

डबीचं झाकण मेण लावून बंद केलं, दोन पिशव्यांत घातली आणि बर्फासकट जेवणाच्या मोठ्या डब्यात ठेवली. डबा मांडीवर. बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, "सुनेनं डबा दिला वाटतं? नशीबवान आहात." म्हटलं, "हो, तिनंच भरून दिला."

मोठ्या प्रयोगशाळेत मशीन सांभाळणारा माणूस भेटला. पन्नाशीचा, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. कुठून आलात विचारलं. सांगितलं तर म्हणाला, "तुम्ही कशाला तडफडत आलात? तुमच्याकडे सगळं आबादीआबाद आहे. चारशे बारा तपासण्या, सहा प्रतिकार."

"तपासण्या तुम्हीच केल्यात ना," मी म्हटलं. मला त्याला खूश करायचं होतं. "तुमच्या मशीनचीच कृपा."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मी? मला वाटायचं तुमच्या डब्या दुसऱ्या प्रयोगशाळेला जातात. माझ्याकडे तर तुमच्या नावानं कधीमधीच काही येतं." त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. "चार वर्षांत एकोणीस."

"एकोणीसशे?"

"एकोणीस, मावशी. त्यात सहा प्रतिकार, तेरा चांगले. मग उरलेल्या तीनशे त्र्याण्णव जणांच्या पुढं ‘प्रतिकार नाही’ असं लिहिलं कुणी?"

तेव्हासुद्धा मला लगेच कळलं नाही. मी म्हटलं, "‘प्रतिकार नाही’ असं कुणी लिहिलेलं नाही. नुसतं ‘नाही’ लिहिलंय. नाही म्हणजे तुमचा कागद आला नाही."

त्यानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा अगदी साधा, झोपेतून उठवल्यासारखा दिसला.

"रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय?"

"औषध-प्रतिकार."

"आणि खाली?"

डोक्यावर ‘औषध-प्रतिकार’. खाली ‘नाही’. पाटी मला वाचता येते.

तो कागदावर आकडे मांडून म्हणाला, "एकोणीसात सहा म्हणजे शंभरात एकतीस-बत्तीस. एकोणीस फार थोडे, त्यावरून नेमकं सांगता येत नाही. कदाचित फार बिघडलेलेच पाठवले असतील. पण तुम्ही फिके नाही आहात. तुम्ही आहात तरी कसे, हे कुणालाच माहीत नाही. नकाशावर तुमची जागा कोरी पाहिजे होती."

आदल्या दिवशी एक कार्ट्रिज मशीनमध्ये बाद झालं होतं, त्याच्या बदल्यात आलेलं एक त्याच्याकडे होतं. ते त्यानं सुनेच्या डबीला लावलं. मला चहा दिला. मी दोन तास बाकावर बसले. भिंतीवर तोच नकाशा, आमच्याकडच्यापेक्षा मोठा. सायीचा रंग आता मला ओळखू येत होता. तो माझ्या शाईचा होता.

मशीनमधून पट्टी आली. प्रतिकार आढळला.

मी पट्टी घडी करून ठेवली. तो म्हणाला, "मावशी, आता निदान कळलं तरी. यावर दुसऱ्या गोळ्या आहेत." खरं आहे. पण अडीच महिने ती रोज माझ्यासमोर गोळ्या गिळत होती. आणि मी कुंडीतली माती उकरली.

२५ मार्च

वजन ४३ किलो २००. मोठ्या इस्पितळातून नवीन गोळ्या आल्या. सहा महिने तरी, कदाचित नऊ. पायाला मुंग्या येतील, कातडी काळवंडेल असं सांगितलंय. सून म्हणाली, "तुमचा मुलगा बोटीवरून आला की विचारेल, ही कोण बाई घरात आणून ठेवली."

तिच्यासमोर बसून दोनदा बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा म्हटलं, "पाणी पी."

२८ मार्च

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. दार लावून सांगितलं. त्यांनी रजिस्टर ओढून पहिल्या पानापासून पाहायला सुरुवात केली. प्रत्येक पानाच्या तळाला सही, त्या आल्यापासून त्यांची. त्यांना इथं येऊन दोन वर्षंही नाहीत, अजून तिशी गाठायची आहे.

"मी सही करत होते, मावशी. वाचत नव्हते."

मी वाचत होते, तरी हेच झालं.

रजिस्टर मिटून म्हणाल्या, "तुमच्या सुनेचं औषध सुरू झालंय. मागचं तसंच राहू द्यायचं? इथून पुढं आपण नीट लिहू. साहेबांना आता सांगितलं तर तुमची नोकरी जाईल आणि माझ्यावर चौकशी बसेल. मागच्या लोकांना त्यानं काय फरक पडणार?"

मी ‘बरं’ म्हटलं. आमच्या बोलण्यात ‘बरं’ फार सोयीचा शब्द आहे. कशालाही म्हणता येतो.

२ एप्रिल

भट्टीवाला आला होता. पावाच्या भट्टीवर काम करतो, धिप्पाड माणूस होता, आता सदरा त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतो. गोळ्यांचा पाचवा महिना. डॉक्टरीणबाई दर वेळी त्याला रागावतात, गोळ्या टाकतोस म्हणून.

आज मी रजिस्टर उघडून बसले होते. माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "मावशी, तुम्हाला वाचता येतं. माझ्या ओळीत काय लिहिलंय? खरं सांगा, मी एकही गोळी चुकवलेली नाही. आता बायकोचाही विश्वास उडालाय. गोळी घेताना माझं नाक दाबून धरते."

तो हसला. ओळीत ‘नाही’ लिहिलं होतं.

"लिहिलंय," मी म्हटलं, "की अजून तपासायचं आहे."

तो गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. "बाई, माझं ते परवाचं ‘बरं’ परत घेते," म्हटलं.

त्यांनी भट्टीवाल्याला बाहेर जाताना पाहिलं होतं. खणातून लाल पेन काढलं आणि म्हणाल्या, "खुर्ची ओढा. तुम्ही लिहा, मी प्रत्येक ओळीसमोर सही करते. या वेळी वाचून."

१४ एप्रिल

वजन ४१ किलो ९००. उलट्या. पायांना मुंग्या, जमिनीवर पाय टेकवत नाही.

रजिस्टरचं काम रोज दुपारी. जाड चष्म्यानं एकोणीस जणांची यादी पाठवली. ते सोडून बाकी सगळीकडे ‘नाही’वर रेघ आणि वर ‘तपासणी झाली नाही’. तीन शब्द मावत नाहीत, अक्षर बारीक करावं लागतं. किती नावं ओळखीची. पेढीवरचे म्हातारे. बस पुसणारी. दोघी बहिणी, एकाच महिन्यात आल्या आणि एकाच महिन्यात गेल्या. पुष्कळांच्या शेऱ्यात ‘अनियमित’. सगळं माझं सुरेख अक्षर.

चार वर्षांची तीन रजिस्टरं आहेत. मधलं मी शेवटी ठेवलंय. त्यात हे आहेत.

२९ एप्रिल

आठ दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी दुरुस्ती वर कळवली होती. आज साहेबांचा फोन. डॉक्टरीणबाईंशी अर्धा तास बोलले, मग मला बोलावलं.

"मावशी, तुम्हाला झाडायला ठेवलं होतं. कुणी सांगितलं नको ते उकरायला? वर आकडे गेलेत. नकाशा छापून झालाय. आता आमचा भाग सगळ्यांत लाल दिसणार!"

‘झाडायलाच ठेवलंय, साहेब, तेच करतेय,’ हे मला नंतर सुचलं, भांडी घासताना. तेव्हा मी आपलं ‘हो साहेब’ म्हटलं.

नोकरी गेली नाही. रजिस्टर एक तारखेला माझ्याकडून जाणार. नवीन कारकून येणार. चार वर्षं मिळाला नाही, तो आठ दिवसांत मिळाला. डॉक्टरीणबाईंच्या नावानं चौकशीचा कागद आलाय. तो त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि पुढचं पान काढलं.

३० एप्रिल

वजन ४१ किलो ३००.

सकाळी सुनेला दूध देताना बोलले. उभ्यानंच, बसले असते तर पुन्हा पाणी पी म्हटलं असतं.

"हा रोग तुझ्या माहेरचा नाही गं. तू बारा दिवस राहिलीस म्हणून नाही. आपल्याच घरातला असणार."

"मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"बाबांचे पिकदाणीचे डबे कोण धुवायचं, आई? तुम्ही केंद्रात असायचा."

मी खाली बसले. "मग बोलली का नाहीस? मी मनात तुझ्या माहेराचा उद्धार करत होते."

"मनातला ऐकू येत होता." ती जरा थांबली, बोलायला दम लागतो तिला. "बोलले असते तर तुमचा सगळा राग पुन्हा बाबांवर गेला असता. आधीच तुम्ही धरून बसला होता की ते गोळ्या टाकायचे."

"टाकत नव्हते?"

"रोज सकाळी मी दिल्यात. या हातानं. तेव्हाही सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, सासऱ्याला पाठीशी घालू नकोस."

म्हटलं होतं मी. शब्द अन् शब्द आठवला. चिमणी मध्ये येऊन म्हणाली, "आजी, तुला पण शिक्षा झाली?"

दुपारी मधलं रजिस्टर उघडलं. पान एकशे सात. ह्यांचं नाव, वय, धंदा ‘पाट्या रंगवणे’. प्रतिकाराच्या रकान्यात ‘नाही’. त्यावर रेघ मारली, वर लिहिलं, ‘तपासणी झाली नाही’. ह्यांना कोणता टीबी होता ते आता कोणतंच मशीन सांगणार नाही.

शेऱ्याचा रकाना दुरुस्त करायचं आमचं ठरलं नव्हतं. डॉक्टरीणबाई सहीसाठी पेन उघडून वाट बघत होत्या. मी ‘अनियमित’वर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘गोळ्या रोज घेतल्या’.

"याला पुरावा काय, मावशी?"

"घरात साक्षीदार आहे. अजून आहे."

त्यांनी वाचलं आणि सही केली.

२२ मे

नवीन नकाशा आला. आमच्या भागाला रंगच नाही, तिरप्या रेघा आहेत, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, ‘पुरेशी माहिती उपलब्ध नाही’. साहेबांनी लाल होऊ दिला नाही. पण शहरात आमच्या नावानं कार्ट्रिजची दोन खोकी आली आहेत. भट्टीवाल्याची डबी पहिली गेली. प्रतिकार आढळला. तो मला म्हणाला, "बायकोला दाखवायला कागदाची एक प्रत द्या."

प्रशस्तिपत्र काढून नेलं. चौकटीमागची भिंत बाकीच्यापेक्षा उजळ आहे, चौकोन उठून दिसतो. नवीन कारकून म्हणाला, तिथं काहीतरी लावू या का. म्हटलं, राहू दे तसंच.

सूनबाईचं वजन ४१ किलो ६००. काटा तीनदा पाहिला. चिमणीला बाजूला करून पुन्हा पाहिला, ती हळूच एक पाय ठेवते.

६००च आहे. खोकला आहे. ताप नाही. म्हणजे संध्याकाळी मोजला, नव्हता.